दिल्लीवाली बाई पाण्याबाहेर कशी आली?

१९७७च्या मार्चमध्ये मुंबईत एक घोषणा गाजत होती : ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.’ पाणीवाली बाई म्हणजे मृणाल गोरे. हंडे-कळशा घेतलेल्या बायकांचे मोर्चे महापालिकेवर नेणाऱ्या, आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या आणि आता उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आलेल्या. दिल्लीवाली बाई कोण, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. रायबरेलीत इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांहून अधिक मतांनी हरल्या होत्या, शेजारच्या अमेठीत संजय गांधी आपटले होते. उत्तर प्रदेशातल्या ८५ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही, बिहारातल्या ५४ पैकीही एक नाही. पदावर असलेला पंतप्रधान स्वतःच्याच मतदारसंघात पडतो, असं देशात पहिल्यांदाच घडलं होतं.

त्या आठवड्यात ‘या बाई परत येतील का?’ असं कुणी विचारलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

तेहतीस महिने गेले. १४ जानेवारी १९८० रोजी त्याच बाईंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली, आणि लोकसभेत त्यांच्या पक्षाचे ३५३ खासदार होते. रायबरेलीनंही त्यांना पुन्हा निवडून दिलं होतं, तेलंगणातल्या मेदकनंही.

जगात कुठंही एखादा पडलेला, बदनाम झालेला, पण पुरता न संपलेला नेता राजकारणात परतण्याची कुजबुज सुरू झाली, की जनमत चाचण्या घेणारे एकच प्रश्न घेऊन लोकांच्या दारात उभे राहतात : हा माणूस परत यावासा वाटतो का? उत्तरांचे टक्के छापून येतात. ‘नको’ म्हणणारे जास्त निघाले तर विरोधक निर्धास्त होतात, ‘हवा’ म्हणणारे वाढले तर समर्थक पेढे वाटतात. १९७७ ते १९८० हा आपल्याच देशातला काळ नीट वाचला तर हा प्रश्नच फसवा वाटू लागतो. मतदार त्या प्रश्नाचं उत्तर कधी देतच नाही. निवडणूक येते तेव्हा त्याच्यापुढं वेगळाच प्रश्न असतो, आणि तो प्रश्न बहुतेक वेळा परतणारा नेता ठरवत नाही. त्याला हरवून सत्तेवर आलेले लोक ठरवतात.

आधी १९७७चाच निकाल बघू. तो जेवढा एकतर्फी आठवतो तेवढा एकतर्फी नव्हता. आणीबाणी, सेन्सॉरशिप, नसबंदी, दिल्लीत तुर्कमान गेटची पाडापाडी एवढं सगळं होऊनही काँग्रेसला देशभरात ३४.५ टक्के मतं पडली होती. आंध्रात ४२ पैकी ४१ जागा, कर्नाटकात २८ पैकी २६. ‘देशानं इंदिराबाईंना नाकारलं’ हे वाक्य विंध्याच्या वर खरं होतं, खाली नव्हतं. महाराष्ट्र मधोमध उभा होता. इथं ४८ पैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९ आणि उरलेल्या शेकाप, मार्क्सवादी आणि रिपब्लिकन यांच्यात वाटल्या गेल्या. म्हणजे पु. ल. देशपांड्यांसारखा लाडका लेखक जनता पक्षाच्या सभा गाजवत असताना, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई भागवत घराघरांत पोचलेल्या असताना, मराठी मतदार बरोबर दुभंगलेला होता. वर्तमानपत्रं, कॉलेजं आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत मात्र हा दुभंग दिसत नव्हता. तिथं निकाल लागून गेला होता.

उत्तर आणि दक्षिण अशी फारकत का झाली, याचं मोठं कारण नसबंदी. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि जबरदस्तीचा सर्वांत मोठा वरवंटा उत्तरेतल्या राज्यांवर फिरला. महाराष्ट्रही धुतल्या तांदळासारखा नव्हता. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक आपल्या विधिमंडळानं १९७६ साली मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. पण दक्षिणेतल्या खेड्यांना ‘इंदिराअम्मा’ म्हणजे गरिबी हटाव आणि बँकांचं कर्ज आठवत होतं. कर्नाटकात देवराज अर्स यांच्या सरकारनं कुळांना जमिनी दिल्या होत्या. वादग्रस्त नेत्याविषयी लोकमत दुभंगतं ते असं. एकाच माणसाची दोन वेगवेगळी चरित्रं दोन वेगवेगळ्या माणसांनी अंगावर झेललेली असतात, आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतो.

तेव्हा एक तृतीयांश मतदार कुठंच गेलेला नव्हता. परतीच्या प्रवासाला लागणारं भांडवल तेवढं असतं, पुरेसं मात्र नसतं. वरचे आठ-दहा टक्के कुठून आले?

पहिलं उत्तर बिहारातल्या बेलछी नावाच्या खेड्यात सापडतं. २७ मे १९७७ रोजी तिथं अकरा जणांना मारून जाळण्यात आलं. त्यांतले बहुतेक दलित होते. केंद्रात जनता सरकार येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. गृहमंत्री चरणसिंग यांनी हा जातीय अत्याचार नसून गुंडांच्या टोळ्यांमधली मारामारी असल्याचा सूर लावला. त्यांच्याच पक्षातले तरुण खासदार रामविलास पासवान यांनी त्याला विरोध केला. सरकारमधलं कुणी मोठं माणूस तिकडं फिरकलं नाही. ऑगस्टच्या भर पावसात इंदिराबाई निघाल्या. मोटार अडली, जीप चिखलात रुतली, ट्रॅक्टरही पुढं जाईना. शेवटी गावातून हत्ती आणला गेला. मोती त्याचं नाव. त्याच्या पाठीवर अंबारीही नव्हती. साठीला आलेली ती बाई तशीच वर चढली आणि पुराच्या पाण्यातून अंधार पडता पडता बेलछीत पोचली.

हा निव्वळ प्रचाराचा देखावा होता, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि आजही म्हणता येईल. त्यात तथ्यही आहे. पण ज्यांची माणसं जाळली गेली त्यांना त्या रात्री नेत्याचा हेतू तपासायची गरज नव्हती. कोण आलं आणि कोण आलं नाही, एवढंच त्यांना दिसलं. दुसऱ्या दिवशी त्या पाटण्यात जयप्रकाश नारायण यांना भेटल्या. ज्यांना त्यांनी तुरुंगात टाकलं होतं त्यांच्याच घरी.

बेलछीच्या आधी, जुलैमध्ये, त्या पवनारला आल्या होत्या. विनोबांच्या आश्रमात. आणीबाणीला ‘अनुशासन पर्व’ म्हटल्याबद्दल विनोबांना ‘सरकारी संत’ अशी कुचेष्टा सोसावी लागली होती. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांच्या दृष्टीनं ती भेट म्हणजे दोन बदनामांची गाठ होती. विदर्भातल्या रेल्वे स्थानकांवर मात्र त्यांना बघायला लोक जमले. पराभवानंतर घरात बसलेल्या नेत्याला गर्दी अजून आपल्याकडं येते का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं. वर्ध्याच्या त्या फेरीत ते त्यांना दिसलं असावं.

दुसरं उत्तर जनता सरकारच्या घाईत आहे, आणि या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्याजोगा भाग तोच. ३ ऑक्टोबर १९७७ रोजी संध्याकाळी सीबीआयचे अधिकारी इंदिराबाईंच्या घरी पोचले. आरोप होते निवडणुकीसाठी मिळवलेल्या जीपगाड्यांचे आणि एका फ्रेंच कंपनीला दिलेल्या तेलविषयक कंत्राटाचे. आणीबाणीत हजारो माणसं विनाचौकशी कोठडीत डांबणाऱ्या व्यक्तीवर पहिला घाव घालायचा, तर तो जीपगाड्यांवरून! ताफा हरियाणातल्या बडखलकडं निघाला, वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं, बाई गाडीतून उतरून पुलाच्या कठड्यावर बसल्या आणि दिल्लीबाहेर नेण्याचा आदेश दाखवा म्हणाल्या. तसा आदेश नव्हता. त्यांना परत आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटनं अटकेला आधार नसल्याचं सांगून त्यांना सोडून दिलं.

एका रात्रीत चर्चेचा विषय बदलला. कालपर्यंत लोक विचारत होते, या बाईंनी काय केलं? आता विचारू लागले, या बाईंचं काय करताहेत? पहिल्या प्रश्नाला शेकडो साक्षीदार होते आणि भक्कम पुरावा होता. दुसऱ्या प्रश्नात सहानुभूतीला जागा होती. परतीच्या राजकारणातली खरी कलाटणी इथं येते. नेत्याचा गुन्हा मागं सरतो आणि त्याच्यावरची कारवाई पुढं येते.

तुलनेनं न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाचं काम कितीतरी सकस होतं. पतियाळा हाउसमध्ये साक्षी झाल्या, अधिकारी थरथरत आपण हुकूम कसे पाळले ते सांगून गेले, आणि १९७८ मध्ये तीन अहवाल आले. सेन्सॉरशिप कशी चालली, लोकांना कोणत्या कागदावर कोणाच्या सहीनं उचललं गेलं, घरं कशी पाडली गेली, हे सगळं त्यांत होतं. इंदिराबाई आयोगापुढं आल्या, पण शपथेवर साक्ष द्यायला तयार झाल्या नाहीत. सामान्य वाचकाला आयोग हळूहळू कंटाळवाणा झाला. रोज नवी भयकथा, आणि शिक्षा कुणालाच नाही. लोकांना भीती कमी वाटू लागली, उबग जास्त आला. अहवाल हा खटला नव्हे, हे सरकारला उमगलं तेव्हा फार उशीर झाला होता. विशेष न्यायालयांचा कायदा झाला १९७९च्या मे महिन्यात, आणि सरकार पडलं जुलैमध्ये.

याच काळातली एक घटना मराठी वाचकांना फारशी आठवत नाही. १९७८च्या जानेवारीत यवतमाळच्या जाहीर सभेत इंदिराबाईंनी आणीबाणीतल्या चुकांची आणि अतिरेकांची जबाबदारी स्वतःवर घेतली. जे आपल्या चुका मान्य करायला तयार नाहीत त्यांच्या वाट्याचीही जबाबदारी आपलीच, असा त्याचा रोख होता. आयोगापुढं शपथेला नकार आणि यवतमाळच्या मैदानात कबुली, हे दोन्ही एकाच महिन्यात. कायद्याला उत्तर द्यायचं नाही, लोकांना द्यायचं, असा तो हिशेब होता. धूर्त होता, यात शंका नाही. पण जनता पक्षाच्या एकाही नेत्यानं त्याच यवतमाळात येऊन, ‘मग न्यायालयात हेच सांगा’ असं जोरात म्हटल्याचं कुणाला आठवत नाही.

त्या सभेला निमित्त होतं विधानसभा निवडणुकीचं. १९७८च्या फेब्रुवारीतली ही निवडणूक म्हणजे लोकमत आणि पुढाऱ्यांचं मत यांतलं अंतर मोजण्याचा उत्तम नमुना. जानेवारीत काँग्रेस फुटली होती. महाराष्ट्रातले बहुतेक बडे नेते, यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, शरद पवार, इंदिराबाईंपासून वेगळ्या झालेल्या रेड्डी काँग्रेसमध्ये राहिले. इंदिरा काँग्रेसकडं नाव घेण्याजोगे नासिकराव तिरपुडे आणि काही विदर्भातले कार्यकर्ते. साखर कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा सगळं पहिल्या पक्षाकडं. गाय-वासरू हे ओळखीचं चिन्ह गोठवलेलं, हाताचा पंजा नवाकोरा. निकाल लागला तेव्हा जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२. यंत्रणा एकीकडं होती तरी जागा जवळपास बरोबरीनं वाटल्या गेल्या. कर्नाटक आणि आंध्रात तर इंदिरा काँग्रेस सरळ सत्तेवर आली. मुंबईत वसंतदादा मुख्यमंत्री आणि तिरपुडे उपमुख्यमंत्री असं अवघडलेलं सरकार बसलं. जुलैत शरद पवारांनी ते पाडून पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आणलं. तो इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे, इथं उगाळायला नको.

नोव्हेंबरात चिकमगळूरची पोटनिवडणूक. कॉफीच्या मळ्यांचा हा मतदारसंघ इंदिराबाईंसाठी मोकळा करून देण्यात आला होता. समोर वीरेंद्र पाटील, प्रचाराला जॉर्ज फर्नांडिस यांच्यासह जनता पक्षाची सगळी फौज. ‘एक शेरनी, सौ लंगूर, चिकमगलूर भाई चिकमगलूर’ ही काँग्रेसची घोषणा तेव्हा उत्तरेतल्या पोरांच्याही तोंडी होती. बाई ७० हजारांहून अधिक मतांनी जिंकून लोकसभेत आल्या. महिनाभरात, १९ डिसेंबरला, त्याच लोकसभेनं मारुती कारखान्याच्या चौकशीसंबंधीच्या हक्कभंगावरून त्यांना बडतर्फ केलं आणि अधिवेशन संपेपर्यंत तिहारला पाठवलं. लोकांनी नुकतीच निवडून दिलेली बाई लोकप्रतिनिधींनी बाहेर काढली! सूडाचा आरोप करायला बाईंच्या समर्थकांना आणखी काय हवं होतं? दुसऱ्याच दिवशी दोन पांडे आडनावाच्या तरुणांनी लखनौहून दिल्लीला निघालेलं विमान वाराणसीला पळवलं. मागणी बाईंच्या सुटकेची. हातातली पिस्तुलं खेळण्यातली निघाली. पुढं १९८० साली त्याच दोघांना काँग्रेसनं उत्तर प्रदेश विधानसभेची उमेदवारी दिली. पुनरागमनाच्या उत्साहात पक्ष काय काय पचवतो, याचा हा जरा लाजिरवाणा दाखला.

तिसरं उत्तर ‘पर्याय’ नावाच्या गोष्टीत आहे. मोरारजी देसाई, चरणसिंग आणि जगजीवनराम या तिघांचा पंतप्रधानपदाचा सामना दोन वर्षं चालला. जनता पक्षात आलेल्या जनसंघीयांच्या दुहेरी (पक्ष आणि रा. स्व. संघ) सदस्यत्वावरून मधू लिमये आणि सहकाऱ्यांनी पक्षाला तडा दिला. लिमयांचा मुद्दा तत्त्वाचा असेलही. पण चहाच्या टपरीवर त्याचा अर्थ एवढाच लागला की ही मंडळी भांडताहेत. १९७९च्या जुलैत मोरारजींनी राजीनामा दिला. चरणसिंग पंतप्रधान झाले ते इंदिरा काँग्रेसच्या पाठिंब्यावर, आणि त्यांना लोकसभेला सामोरं जाण्याआधीच तो पाठिंबा काढून घेतला गेला. ज्यांनी बाईंना तुरुंगात धाडण्याची सर्वांत जास्त घाई केली होती, तेच गृहमंत्री बाईंच्या मेहेरबानीनं पंतप्रधान झाले. हे बघितल्यावर मतदाराच्या मनात आणीबाणीचा राग उरलाच कसा असता?

त्यात १९७९चा दुष्काळ. तेलाच्या जागतिक भडक्यात तो मिळाला आणि त्या वर्षी देशाचं सकल उत्पादन पाच टक्क्यांहून अधिक घसरलं. साखर महागली, रॉकेलसाठी रांगा लागल्या, आणि कांदा कडाडला. १९८०ची निवडणूक ‘कांद्याची निवडणूक’ म्हणून ओळखली जाते, आणि महाराष्ट्राचा त्याच्याशी संबंध दिल्लीवाल्यांना वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. १९७८ साली जनता सरकारच्या निर्यातबंदीमुळं चाकणच्या बाजारात कांद्याचे भाव कोसळले, शरद जोशींनी शेतकऱ्यांना एकत्र केलं. दीड वर्षानं दिल्लीच्या गृहिणीला तोच कांदा परवडेना, आणि इंदिरा काँग्रेसचे उमेदवार त्याच्या माळा घालून फिरले. बाई निवडून आल्या, आणि १९८०च्या सुरुवातीला भाव पुन्हा गडगडल्यावर चाकणचा शेतकरी पुन्हा रस्त्यावर बसला. पिकवणारा आणि खाणारा, दोघेही आपापल्या जागी रागावलेले. या रागाचा आणीबाणीशी, लोकशाहीशी, शहा आयोगाशी काडीचा संबंध नव्हता. तरी तोच राग बाईंना सत्तेपर्यंत घेऊन गेला.

आता १९८०चे आकडे. इंदिरा काँग्रेसला ४२.७ टक्के मतं आणि ३५३ जागा. उत्तर प्रदेशात शून्यावरून ५१ जागा, पण तिथं मतं सुमारे ३६ टक्केच. विरोधक जनता आणि जनता (सेक्युलर) अशा दोन तुकड्यांत लढत होते. देशात एकूण मतदान १९७७ मध्ये ६० टक्क्यांच्या वर होतं, ते ५७ टक्क्यांवर आलं. म्हणजे १९७७ साली ‘काहीही होवो, ही बाई नको’ म्हणून उन्हातान्हात रांगेत उभे राहिलेल्यांपैकी काही जण या वेळी घरीच बसले. ते बाईंच्या बाजूनं आले नव्हते, त्यांना फक्त दुसऱ्या बाजूला जाण्याचं कारण उरलं नव्हतं. चाचण्यांत हा माणूस दिसत नाही. त्याला विचाराल तर तो ‘परत यायला नको’ असंच सांगेल, आणि मतदानाच्या दिवशी सुट्टी घेईल.

महाराष्ट्रानं इंदिरा काँग्रेसला ४८ पैकी ३९ जागा दिल्या. मुंबईनं मात्र वेगळं ऐकलं. तिथल्या बहुतेक जागा जनता पक्षाकडेच राहिल्या. राम जेठमलानी, प्रमिला दंडवते, सुब्रमण्यम स्वामी निवडून आले. आणीबाणीच्या आठवणी शहरात जास्त टिकल्या, की इथले कामगार आणि मध्यमवर्ग संघटित होते म्हणून तसं झालं? बहुधा दोन्ही. कर्नाटकात आणखी एक गंमत घडली. चिकमगळूर मिळवून देणारे देवराज अर्स १९७९ मध्ये बाईंपासून वेगळे झाले होते. मतदारानं त्यांना बाजूला सारलं आणि २८ पैकी २७ जागा इंदिरा काँग्रेसला दिल्या.

मग लोकांनी आणीबाणी माफ केली का? या प्रश्नावर त्या वेळच्या दिल्लीतल्या विजयी मंडळींनी ‘हो’ असं उत्तर गृहीत धरलं. पण १९८० नंतर बाईंच्या सरकारनं सक्तीच्या नसबंदीची मोहीम पुन्हा काढली नाही. जनता सरकारनं केलेल्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीमुळं ‘अंतर्गत अशांतता’ या कारणावरून आणीबाणी लावण्याची वाट बंद झाली होती. तीही बाईंनी पुन्हा उघडली नाही. लोकांनी बाईंना परत आणलं, पण आणीबाणीला नाही. हा फरक मतदारानं नीट केला होता. सत्तेनं तो केला नाही. संजय गांधींवरच्या ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटासंबंधीच्या खटल्यातली शिक्षा सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. विशेष न्यायालयांचं काम आटोपलं. १९८१ साली लोकसभेनं आधीच्या लोकसभेचा बडतर्फीचा ठराव रद्द केला. १७ फेब्रुवारी १९८० रोजी पुलोद सरकारसह नऊ राज्यांची सरकारं एका फटक्यात बरखास्त झाली. जनता पक्षानं १९७७ साली नऊ काँग्रेस सरकारांबाबत हेच केलं होतं, तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती.

हे फक्त भारताचं नाही. अर्जेंटिनात हुआन पेरोन यांना १९५५ साली लष्करानं हुसकावलं. पुढच्या वर्षी त्यांचं नाव जाहीरपणे घेणंही फर्मान काढून गुन्हा ठरवण्यात आलं. अठरा वर्षांनी ते परतले आणि ६० टक्क्यांहून अधिक मतांनी अध्यक्ष झाले. बंदीनं त्यांचा दबदबाच वाढवला. ब्राझीलमध्ये लुला ५८० दिवस तुरुंगात होते. २०२१ साली शिक्षा रद्द झाल्या, २०२२ साली ते निवडून आले, पण ५०.९ विरुद्ध ४९.१ अशा काठावरच्या फरकानं. अर्धा देश तेव्हाही त्यांना चोर म्हणत होता आणि बाकीचा अर्धा त्यांच्या विरोधकाला हुकूमशहा. त्यांच्यात कुणाचं मन बदललं असं दिसत नाही. फक्त तेव्हाची निवड कुणाकुणांत होती, तेवढं बदललं.

म्हणून एखाद्या वादग्रस्त माजी नेत्याविषयीची पुढची चाचणी आली, तर ‘हवा’ आणि ‘नको’ यांच्या टक्क्यांपेक्षा दोन गोष्टी बघाव्यात. ‘काहीही झालं तरी त्यालाच’ म्हणणारे किती आहेत. आणि त्याला पाडून आलेल्यांनी गेल्या वर्षात बाजारात, न्यायालयात आणि स्वतःच्या घरात काय करून ठेवलंय. खटले भरायचेच असतील, आणि आणीबाणीसारख्या प्रकरणात ते भरायलाच हवेत, तर साध्या न्यायालयात, ठोस कलमांखाली, घाई न करता. अटक संध्याकाळी आणि सुटका सकाळी, अशी तऱ्हा झाली की उरलेलं काम नेता स्वतः करतो.

पुढाऱ्यांच्या जाहीर विधानांवर तर मुळीच विसंबू नये. १९७९च्या जुलैत मोरारजींविरुद्धचा अविश्वास ठराव यशवंतराव चव्हाणांनी मांडला होता. चरणसिंगांच्या सरकारात ते उपपंतप्रधान झाले. १९८०च्या लाटेत महाराष्ट्रातून देवराज अर्सांच्या काँग्रेसचा एकच उमेदवार तरला, तो साताऱ्याचा, म्हणजे ते स्वतः. मतदारांनी त्यांना पाडलं नव्हतं. तरी वर्षभरात त्यांनीच इंदिरा काँग्रेसमध्ये परतायचं ठरवलं, आणि बाईंनी त्यांना दारात बराच काळ ताटकळत ठेवून १९८१ साली आत घेतलं. जुन्या दिमाखाचं कोणतंही मंत्रिपद मिळालं नाही. आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद देण्यात आलं.